मचाणावरून, फेब्रुवारी

चार फळ्या, वर निळं प्लास्टिक, खिळ्याला टांगलेली दुर्बीण.
निवराच्या शेंड्याला एवढंच माझं बिऱ्हाड, पावसाळा येईस्तोवर.
खाली चिखल वाळतोय, त्याला भेगा पडण्याचा आवाज
दुपारी नीट कान दिला तर येतो.

ऑक्टोबरात या बेचक्यात मरळीची पिल्लं होती,
लालसर, मुठभर, पाण्याला खाज सुटल्यासारखी.
आता तिथेच पाणकावळ्याचं घरटं.
जागा एक, भाडेकरू दोन,
आणि गाठ सहसा पडत नाही.
पडलीच
तर एकाच्या पोटात.

तोन्ले सापवर आम्ही असेच राहतो.
नदी अर्धं वर्ष पुढे जाते, अर्धं वर्ष मागे फिरते,
तळं जंगलात शिरतं, मासे झाडांत शिरतात,
आणि आम्ही घर सोडत नाही, घरच सोडवून घेतो खुंटीवरून.
शिरगणतीची बाई आली होती बोटीतून,
चपला हातात धरून. म्हणाली, पत्ता?
किमसानने भातावरचं झाकण उचललं,
वाफ जाऊ दिली, मग विचारलं :
कुठल्या महिन्याचा?

मी सोळाचा होतो तेव्हा याच झाडावर चढायचो,
ह्योन मामा खाली होडी धरून, होडीत तांदळाचा कोंडा.
कोंड्यात अंडी मावायची दोनशे, अडीचशे.
चित्रबलाकाचं अंडं हातात घेतलं की गरम असतं,
तापल्या पोराच्या कपाळाइतकं.
हे मला तेव्हाही कळायचं.
बाजारात बिअरसोबत खपायची.

मग एका वर्षी चढलो तर वर जुन्या काटक्याच.
पुढच्या झाडावर काटक्या. त्याच्या पुढच्यावरही.
एवढं मोठं रान, आणि त्यात फक्त
माझ्या धापेचा आवाज.
मामा खालून ओरडला, किती?
मी उत्तर दिलं नाही.

पुढे साहेब आले, म्हणाले पगार देतो, पाखरं राखा.
झाडं कोणाला पाठ आहेत, असं त्यांनी विचारलं
आणि अख्ख्या गावाने माझ्याकडे पाहिलं.
चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तशी
ही दुर्बीण माझ्या गळ्यात आली.

आता मोजतो. सकाळी तिरंदाज, उन्हं चढली की बलाक,
संध्याकाळी पाणकावळे, ते मोजून संपत नाहीत.
वॉकीटॉकीवर वान्थोर्न आकडे उतरवून घेतो,
मधेच विचारतो, धूर दिसतो का पूर्वेला?
दिसतो. पण लांब आहे.
कालही लांबच होता.
पाणी यंदा उशिरा आलं, लवकर गेलं,
बुंध्यावरची ओली रेघ माझ्या खांद्याशी असायची,
आज कमरेला आहे.

थोरली रच्ना सिएम रीपला हॉटेलात कामाला गेली.
फोनवर सांगते, इथे एक निळा हौद आहे, बाबा,
बाराही महिने पाणी एकाच फरशीला.
रात्री झोप येत नाही म्हणते,
जमीन हलत नाही.
मी म्हटलं, होईल सवय.
ती म्हणाली, तीच भीती वाटते.

दुपारी बलाकाचं एक पिल्लू कडेवरून पडलं.
नियम असा, की हात लावायचा नाही.
निवराच्या मुळांतून घोरपड आली, घाई न करता,
जणू निरोप आधीच पोचला होता.
वहीत मी तीनचे दोन केले.
त्यांची आई परतली, चोचीतला मासा दोघांत ओतला
आणि तिसऱ्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिली,
किंवा तिला ऊन लागत असेल,
मला पाखरांच्या मनातलं काही कळत नाही,
फक्त झाडं कळतात.

मग ती माझ्याच फांदीवर आली.
एक हात अंतर. गुलाबी पिसांवर चिखलाचा शिंतोडा.
मान तिरकी करून तिने आधी दुर्बीण पाहिली,
मग माझी बोटं.
मी हात खिशात घातले.